पाणी 40 फुटांवर असतानाच सामान हलवा: "नंतर बघू"ची हळहळ टाळायची असेल तर काय काय करायचं

2019 चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेचं पाणी वाढतच चाललेलं आणि मी विश्रामबागेतनं माहेरी गावभागात गेलेले, दादा-वहिनीला सामान वरच्या मजल्यावर न्यायला मदत करायला. धान्याचे डबे, गॅस, टीव्ही, कपाटातली कागदपत्रं असं एकेक वर चाललेलं. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, कॉटखाली हात घातला तर जुन्या धोतरात गुंडाळलेली बाजाची पेटी लागली. अप्पांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालेलं. पेटीसोबत दुकानाची 1986 ची पावती होती आणि एक दोनशेपानी वही. वहीच्या पहिल्या पानावर अप्पांच्या टपोऱ्या अक्षरात सा रे ग म प ध नी सा, खाली तारीख. पुढची सगळी पानं कोरी.

अप्पा कारखान्यात टाइम ऑफिसला होते, "रिटायर झालो की पेटी शिकणार" हे मी लहानपणापासून ऐकलेलं. 2003 ला रिटायर झाले. मग आधी घराचं काम निघालं, मग आईचं आजारपण, मग दादाचं लग्न, मग गुडघे, आणि शेवटी हात थरथरायला लागले. कुणी त्यांना अडवलं नव्हतं हो, आईनं तर दोनदा क्लासची चौकशी करून आणलेली. फक्त दरवेळी समोर काहीतरी जास्त अर्जंट होतं. दादा म्हणाला राहू दे ते, आधी तांदळाचं पोतं उचल. मी पेटी उचलली. त्या पुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, खालच्या मजल्यावरचं काही राहिलं नाही.

आणि तरीसुद्धा ती पेटी माझ्या घरी पुढची तीन वर्षं तशीच धोतरात होती. कारण मीही म्हणत होते, मुलगी पुण्याला शिकायला गेली की बघू.

म्हणून हे लिहितेय. मी कुणी एक्सपर्ट नाही, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अकाउंट्स बघते, वय 47. पण गेल्या तीन-चार वर्षांत आयुष्य थोडं मुद्दाम, ठरवून जगायचा प्रयत्न केलाय आणि त्यातनं काय उपयोगी पडलं ते सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर सगळी मेहनत चुकीच्या जागी जाते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1995 च्या आसपास पश्चात्तापावर अभ्यास केला, त्यात असं दिसलं की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचं जास्त वाईट वाटतं, पण मागे वळून सगळं आयुष्य बघितलं की न केलेल्या गोष्टींचं. याचं कारणही पटण्यासारखं आहे. केलेली चूक आपण निस्तरतो, माफी मागतो, त्यातनं काहीतरी शिकलो म्हणून मनाची समजूत घालतो, ती कधीतरी मिटते. न केलेली गोष्ट मिटतच नाही, "केलं असतं तर काय झालं असतं" याला शेवट नसतो. आणि ज्या भीतीनं तेव्हा थांबलो ती भीती वीस वर्षांनी किरकोळ वाटायला लागते. त्यामुळे माझं काही चुकेल का यापेक्षा माझं काय राहून जातंय हे आधी शोधायचं.

त्यासाठी पहिलं काम वहीचं. आमच्या धंद्यात कीर्द-खतावणी असते, रोजचा व्यवहार आधी कीर्दीत मांडायचा आणि मग खात्यावर ओढायचा, तसंच वेळेचं करा. दोन आठवडे, रोज रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं, कुठले तास कुठे गेले ते लिहायचं. सुधारायचा प्रयत्न करायचा नाही, फक्त लिहायचं. आठवड्याचे तास 168. माझे असे निघाले: झोप 49, दुकान आणि जाणं-येणं 57, स्वयंपाक-घरकाम 28, अंघोळ-जेवण वगैरे 10. झाले 144. राहिले 24. मला वाटत होतं माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नाही, आणि वही सांगत होती 24 तास आहेत. त्यातले 15 मोबाइल आणि टीव्हीत जात होते आणि उरलेले 9 कार्यक्रमांना हजेरी लावण्यात. आईच्या खात्यावर त्या दोन आठवड्यांत शून्य. पेटीच्या खात्यावर शून्य. मी वर्षानुवर्षं लोकांचे हिशोब जुळवतेय आणि स्वतःचा असा, हे बघून मला त्या रात्री खरंच रडू आलं.

(ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे किंवा दोन शिफ्टमध्ये काम करतात त्यांचे 24 निघणार नाहीत, कदाचित 3 निघतील. तरी लिहाच, कारण ते 3 कुठले हे कळणं त्यांना जास्त गरजेचं आहे, आणि घरातल्या बाकीच्यांसमोर वही ठेवून कामाची वाटणी मागता येते. तोंडी भांडणापेक्षा आकडा लवकर पटतो.)

दुसरं काम यादीचं, पण बकेट लिस्ट नको. काश्मीर, पॅराग्लायडिंग, अमुक देश, या याद्या बहुतेक दुसऱ्यांचे फोटो बघून तयार होतात. तुम्ही "नंतर" म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टी लिहा, अगदी कितीही जुन्या, शाळेतल्यासुद्धा. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारा: हे केलेलं कुणालाच कळणार नसेल, स्टेटसला टाकता येणार नसेल, तरी करशील का? माझ्या यादीत 22 गोष्टी होत्या, या प्रश्नावर 5 टिकल्या. पेटी शिकणं. आईसोबत निवांत वेळ. एका जुन्या मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं परत सुरू करणं. तब्येत. आणि मुलीला माझ्या चुकांविषयी खरं सांगणं. एकालाही मोठा खर्च नाही बघा. मला वाटतं ज्या गोष्टींची पुढे हळहळ वाटणार असते त्यातल्या बऱ्याच अशाच असतात, पैशासाठी नाही, मुहूर्तासाठी अडलेल्या.

टिकलेल्या गोष्टींचा आता खरा हिशोब मांडा. आई 76 ची आहे, माहेर माझ्या घरापासनं चार-पाच किलोमीटर. मी महिन्यातनं एकदा जात होते, साधारण दीड तास, त्यातला अर्धा चहा-पाण्यात. देवाच्या दयेनं आईला अजून दहा वर्षं मिळाली तरी भेटी होतात 120, तास 180, म्हणजे पूर्ण दिवसांत मोजले तर साडेसात. साडेसात दिवस! हे गणित मी कॅलक्युलेटरवर तीनदा केलं. पुण्या-मुंबईला असणाऱ्यांनी, जे फक्त गणपती-दिवाळीला गावी येतात त्यांनी, आपलं आपलं करून बघा आणि मग पुढच्या वेळचं एसटीचं रिझर्वेशन करा.

आता मुद्द्याचं. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडची माणसं तर त्याच्याही आधी हलायला लागतात. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कुणी विचार करत बसत नाही की आता काय करूया, ते आधीच ठरलेलं असतं, जनावरं कुठे न्यायची, म्हाताऱ्या माणसांना कुणाकडे पोचवायचं. आयुष्यात मात्र आपण पातळीच ठरवत नाही. म्हणून सगळं ठीक आहे, ठीक आहे म्हणता म्हणता एकदम छातीपर्यंत.

तर तुमच्या टिकलेल्या प्रत्येक गोष्टीला दोन आकडे द्या, इशारा आणि धोका, आणि त्या आकड्याला काय करायचं ते आत्ताच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. माझे सांगते. आईला भेटून 10 दिवस झाले की इशारा, त्याच दिवशी फोन करून पुढची वेळ ठरवायची. 20 दिवस झाले की धोका, मग दुकानातनं सुटल्यावर घरी न जाता सरळ गावभाग, घरी भाजी असो नसो. मिस्टरांसोबत आठवड्यात एकदाही मोबाइल बाजूला ठेवून जेवण झालं नाही तर इशारा, सलग तीन आठवडे असंच गेले तर धोका, रविवारचे सगळे कार्यक्रम रद्द. चालणं सलग 4 दिवस चुकलं तर इशारा, 10 दिवस चुकलं तर डॉक्टरांकडे जाऊन शुगर-बीपी करून घ्यायचं, म्हणजे भीतीनं तरी परत सुरू होतं. हे आकडे कुठल्या शास्त्रातले नाहीत, माझ्या घरचे आहेत, तुमचे तुम्ही ठरवा. पण "अमुक झालं की मी तमुक करणार" असं नेमकं आधी ठरवून ठेवलं की ते हातून होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्वित्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्ये सविस्तर मांडलंय आणि त्यानंतर त्यावर भरपूर काम झालंय. "आईला जास्त वेळ देणार" हा संकल्प झाला. "शनिवारी दुकान सुटल्यावर घरी न जाता सरळ आईकडे" ही व्यवस्था झाली. फरक तुमच्या लक्षात येईल.

वेळ काढायचा म्हणजे कशाला तरी नाही म्हणायचं, आणि आपल्याकडे सगळ्यात अवघड हेच. मोबाइल कमी करणं त्यामानानं सोपं, मी रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवते, झालं. पण साखरपुडा, बारसं, जावळ, वास्तुशांत, साठीशांत, रिटायरमेंट, आणि प्रत्येकाला "तू नाही आलीस होय" हे ऐकायचं! मी दोन वर्षं चाचपडले, आता एक पद्धत बसलीय. अगदी जवळची दहा-बारा घरं आहेत, तिथे जायचंच, दुःखात तर न बोलावता जायचं. बाकीच्यांना आमंत्रण आलं की त्याच वेळी स्पष्ट सांगायचं, "काकू, त्या दिवशी नाही जमायचं ओ मला, पण पुढच्या आठवड्यात संध्याकाळी घरी येऊन बाळाला बघून जाते." आणि जायचं, हे महत्त्वाचं, नुसतं म्हणून सोडायचं नाही. कारण सांगत बसायचं नाही, खोटं कारण तर अजिबात नाही, एक खोटं सांभाळायला चार लागतात. "बघते, जमलं तर येते" हे वाक्य मात्र पूर्ण बंद करा. त्यानं समोरच्याचं ताट वाया जातं आणि आपलं डोकं दोन दिवस अडकून पडतं. सुरुवातीला एक-दोघी रुसल्या. नंतर काय झालं माहितीय, मी हॉलमध्ये तीनशे माणसांत पाकीट देऊन यायचे त्यापेक्षा घरी जाऊन अर्धा तास बसलेलं त्यांनाच जास्त आवडायला लागलं.

नोकरी सोडून आवडीचं काहीतरी करावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, राजीनामा हे पहिलं पाऊल नाही. आधी छोटी ट्रायल घ्या. आमच्या दुकानातल्या एकाला गावी जाऊन द्राक्षबाग करायची होती, स्वप्नच होतं त्याचं. मी म्हटलं नोकरी ठेव आणि एक वर्ष सुट्टीच्या दिवशी चुलत्याच्या बागेत राब. त्यानं केलं. पावसात डाऊनी रोग आल्यावर पहाटे उठून फवारण्या काय असतात, उतरलेले दर काय असतात, बेदाणा शेडवर उन्हात उभं राहणं काय असतं, सगळं अंगावर घेतलं. आणि त्याला कळलं की त्याला बाग नको होती, गाव हवं होतं. आता तो नोकरी करतो, पण राहायला गावी गेलाय, रोज बाइकवरनं ये-जा करतो, आणि संध्याकाळी पोरांना घेऊन विहिरीवर असतो. स्वप्न मोडलं असं त्याला वाटत नाही. ट्रायल घेतली नसती तर कर्ज झालं असतं, किंवा आयुष्यभर वाटत राहिलं असतं की बाग केली असती तर.

पैशाचं थोडक्यात सांगते. घराचा सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, महिन्याला 38 हजार लागत असतील तर 2 लाख 28 हजार, एफडीत, हात न लावता. तेवढे असले की साहेबाच्या चुकीच्या गोष्टीला नाही म्हणायची ताकद येते, नवीन काही करून बघायची येते. आणि नवीन हप्ता घेताना विचारा की हा हप्ता माझे किती शनिवार घेणार आहे. टर्म इन्शुरन्स, मेडिक्लेम ज्यांचं झालेलं नाही त्यांनी करून टाका. इच्छापत्रही. साध्या कागदावर चालतं, स्टँप ड्युटी लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि ज्यांना वाटा मिळणार त्यांना साक्षीदार करू नये, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सातबाऱ्यापायी भाऊ-बहिणीचं बोलणं तुटलेली किती घरं बघितलीत मी, त्यातल्या निम्म्या भांडणांना वडिलांनी न लिहिलेला एक कागद कारण होता.

माणसांच्या बाबतीत मात्र थोडक्यात नको. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे, तीच माणसं आणि नंतर त्यांची मुलं, आणि त्यातनं परत परत हेच निघालंय की म्हातारपणी तब्येत आणि समाधान कशावर टिकतं, तर जवळच्या नात्यांवर. वाचायला सोपं वाटतं. करायला काय लागतं ते सांगते. त्या मैत्रिणीला मी अकरा वर्षांनी फोन केला, नंबर डायल करून तीनदा कट केला. चौथ्यांदा तिनंच उलट लावला. मी फक्त एवढंच म्हणाले, "तेव्हा माझं चुकलं, मी तुझ्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं." मोठं भाषण तयार केलेलं, त्यातलं काही लागलं नाही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली चहाला कधी येतेस. समोरचा माणूस असंच म्हणेल याची खात्री नाही, काही जण फोन ठेवतील. तरी तुमच्या बाजूचं काम झालेलं असतं, आणि ते झालेलं असणं वेगळं.

आणि आईवडील आहेत तोवर त्यांच्या हातातलं उतरवून घ्या. मागच्या उन्हाळ्यात आईबरोबर वर्षाची चटणी केली, आपला कांदा-लसूण मसाला. आईचं सगळं मुठीवर, "दोन मुठी धणे, मूठभर तीळ, खोबरं बघून." मी काय केलं, ती मूठ भरायची आणि मी तिचा हात कढईवर जायच्या आधी वजनकाट्यावरच्या ताटलीत रिकामा करायला लावायचे. आई आधी वैतागली, मग तिलाच मजा यायला लागली, धण्याची मूठ 34 ग्रॅम भरली तर म्हणते "थांब, ही कमी भरली" आणि परत भरली तर परत 34! मिरची भाजताना ठसका लागून दोघीही खोकत होतो, आणि त्यातच ती तिच्या सासूनं तिला पहिल्यांदा चटणी कशी शिकवली, रडवून, ते सांगत बसली. हे मी आधी कधीच ऐकलेलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांत नाही. फोनवर रेकॉर्ड केलंय सगळं, खोकण्यासकट.

हे सगळं एकदा बसवलं की आपोआप चालतं असं मात्र नाही, सहा महिन्यांत परत तण वाढतं. त्यासाठी आमच्या भागातली द्राक्षाची रीत मला पटली. वेलीची वर्षातनं दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी. एप्रिलला बघवत नाही बाग, हिरवं सगळं काढून नुसती खोडं-ओलांडे उभे, पण नवीन काडी तयार व्हायची तर तेच करावं लागतं. मी एप्रिल आणि ऑक्टोबरचा दुसरा रविवार धरलाय. एप्रिलला फक्त काढायचं: कुठलं काम, कुठला ग्रुप, कुठली भिशी, कुठली सवय आता नको. नवीन काही घ्यायचं नाही त्या दिवशी. ऑक्टोबरला बघायचं की पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या एका गोष्टीला फळ लागलं पाहिजे, एकाच, आणि तिच्यासाठी आठवड्यातले दोन-तीन तास वहीत आधी बुक करायचे. वही तीच, वेळेच्या कीर्दीची. मिस्टर आधी म्हणायचे तुझं काय ते चालू दे, आता ते पण एक पान भरतात, बोलत नाहीत पण भरतात.

ज्यांना वाटतंय आता उशीर झाला, माझं ते माणूसच राहिलं नाही, त्यांच्यासाठी एवढंच सांगू शकते की अप्पा राहिले नाहीत आणि पेटी राहिली. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मी ती मिरजेला दुरुस्तीला नेली. भाता दोन ठिकाणी फाटलेला, तीन सूर गंजलेले, एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही. कारागिरानं भाता उघडला तर आतनं मुठीएवढी धूळ निघाली. म्हणाले ताई, ही फार वाजलेली दिसत नाही, आतलं लाकूड नव्यासारखं आहे. पंधरा दिवसांनी आणली. आता मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सात ते आठ क्लास असतो, माझ्याबरोबर चौथीतली दोन मुलं आहेत आणि ती माझ्यापेक्षा पुढे आहेत. वही अप्पांचीच वापरते. पहिलं पान तसंच ठेवलंय, दुसऱ्या पानापासून माझं अक्षर सुरू होतं, भूप रागाचे अलंकार चाललेत सध्या. गेल्या शनिवारी पेटी रिक्षात घालून आईकडे नेली आणि वाजवून दाखवली, चुका झाल्या बऱ्याच, आई कॉटवर बसून ऐकत होती, झाल्यावर म्हणाली परत एकदा वाजव, ह्या वेळी हळू.